मातेच्या रक्तातील प्राणवायू आणि बालकाचे हृदय

मुंबई समुद्रसपाटीवर वसलेली आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील हवेत धूळ आणि धूर कितीही असला, तरी तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ च्या आसपासच असते. असे असताना या उपनगरांतील कित्येक गर्भवती स्त्रियांच्या पोटातील बालकांना प्राणवायू अपुरा पडतो, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु हवेतील प्राणवायू गर्भापर्यंत पोहोचण्यासाठी मातेची फुप्फुसे, तिचे रक्त, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या, वार आणि नाळ असा लांबचा प्रवास घडावा लागतो, आणि या वाटेवर कोठेही त्याची गळती होऊ शकते. उंच पर्वतीय प्रदेशात तुटवडा मुळात हवेतच असतो. आपल्याकडे तो बहुधा रक्तात आणि वारेत निर्माण होतो. विरळ हवेवर इलाज नाही. रक्तातील न्यूनता मात्र बव्हंशी दूर करता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकांचा न राहता प्रशासनाचा, शाळेचा आणि ग्रामपंचायतीचाही होतो.

प्रसूतीच्या वेळी बाळ गुदमरणे ही गोष्ट वेगळी. ते संकट काही मिनिटांचे असते आणि ते साऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडते. येथे विचार करावयाचा आहे तो आठवडेन् आठवडे टिकून राहणाऱ्या, वेदना न देणाऱ्या आणि म्हणून लक्षात न येणाऱ्या तुटवड्याचा. त्याचे परिणाम बाळाच्या जन्माबरोबर संपत नाहीत. ते त्याच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर चाळीस-पन्नास वर्षांनंतरही दिसू शकतात, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे.

गर्भाची काटकसर

गर्भ श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायूचा सारा पुरवठा वारेतून नाळेवाटे होतो. सर्वसाधारण निरोगी गर्भाच्या रक्तातही प्राणवायूचा दाब प्रौढ माणसाच्या मानाने फारच कमी असतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी या स्थितीची तुलना एव्हरेस्टच्या उंचीशी केली होती. तरीही गर्भ सुखाने वाढतो, कारण त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवणारे असते. निसर्गाने केलेली ही तजवीज पुरेशी आहे, परंतु तिच्यात शिल्लक फारशी नाही.

पुरवठा आणखी घटला, की गर्भ काटकसर सुरू करतो. तंगीच्या दिवसांत घरधनी ज्याप्रमाणे आधी धान्याची तरतूद करतो आणि घराची डागडुजी पुढे ढकलतो, त्याप्रमाणे गर्भाचे शरीर रक्ताचा ओघ मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडे वळविते. हातपाय, आतडी, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांच्या वाट्याला कमी रक्त येते. ही युक्ती जीव वाचविणारी आहे, यात शंका नाही. मात्र शरीरातील काही अवयवांची बांधणी ठराविक मुदतीतच होत असते आणि ती मुदत टळली की राहिलेले काम मागाहून भरून काढता येत नाही.

श्वासनलिकांच्या मुख्य शाखा गर्भाच्या सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंतच फुटून पूर्ण होतात. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास कायमची ठरते. ही संख्या कमी राहिल्यास पुढे रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती निर्माण होते. हृदयाच्या स्नायुपेशींचे विभाजन जन्माच्या आगेमागे जवळजवळ थांबते, आणि त्यानंतर हृदय वाढते ते मुख्यतः असलेल्या पेशी मोठ्या होऊन. फुप्फुसांतील वायुकोशांना थोडी सवलत मिळते. त्यांची निर्मिती गर्भावस्थेच्या अखेरीस सुरू होऊन जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते. बालपणीचा आहार, न्यूमोनियापासून बचाव आणि धूरविरहित घर यांचे महत्त्व त्यामुळेच अधिक आहे.

नोंदवह्यांतून उलगडलेले कोडे

या विषयाचा पाया घातला गेला तो एखाद्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आरोग्यसेविकांच्या जुन्या नोंदवह्यांत. अभिलेख सांभाळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ही हकिकत जाणून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे जन्मवेळचे आणि एक वर्षाचे वजन लिहून ठेवण्याची पद्धत होती. साउथॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदींवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा पुढील आयुष्यातील ठावठिकाणा शोधून काढला. जन्मवेळी आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. १९९१ मध्ये त्याच नोंदींवरून असेही आढळले, की जन्मतः कमी वजनाच्या पुरुषांच्या फुप्फुसांची क्षमता साठीच्या घरात पोहोचल्यावर तुलनेने कमी होती. त्यांच्या धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही हा फरक कायम राहिला.

आपल्या देशातील पुरावा म्हैसूरचा आहे. तेथील होल्डस्वर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या व्यक्तींची तपासणी करण्यात आली. जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांपैकी शेकडा ११ जणांना हृदयरोहिणीचा विकार होता. तीन किलोहून थोडे अधिक वा त्यापुढील वजन असलेल्यांमध्ये हे प्रमाण अवघे शेकडा ३ होते. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. जन्मवजन कमी असण्याचे कारण प्राणवायूचा तुटवडाच कशावरून? अर्धपोटी माता, वारंवारची बाळंतपणे, हिवताप अशी अनेक कारणे असू शकतात. ही गुंतागुंत सोडविण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्याचा उपयोग करून घेतला. अंड्यात अन्नाचा साठा आधीच ठरलेला असतो. मातेचा आहार किंवा तिचे आजारपण यांचा मध्ये संबंध येत नाही. केंब्रिजचे डॉ. डिनो जुसानी आणि त्यांच्या बोलिव्हियातील सहकाऱ्यांनी समुद्रसपाटीवरील कोंबड्यांची अंडी सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील ला पाझ या शहरात नेऊन उबविली. त्यांतील पिलांची वाढ खुंटली. त्याच उंचीवर अंड्यांना जादा प्राणवायू पुरविला असता ती खुंटली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने प्राणवायूचा स्वतंत्र प्रभाव निर्विवादपणे सिद्ध केला. पुढे याच पद्धतीच्या प्रयोगात पिलू अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचे हृदय शरीराच्या मानाने मोठे झालेले आणि महारोहिणीची भिंत जाड झालेली आढळली. हृदयविकाराची पूर्वतयारी जन्माआधीच झालेली होती, असाच याचा अर्थ.

माणसांविषयीचा एक पुरावा तर अधिक बोलका आहे. काही गर्भवतींचा रक्तदाब पाचव्या महिन्यानंतर वाढतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डॉक्टर या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात वारेचा रक्तपुरवठा बिघडतो. अशा गरोदरपणातून जन्मलेल्या मुलांची ला पाझ येथे तपासणी केली असता त्यांच्या फुप्फुसांच्या रोहिणीतील दाब इतर मुलांपेक्षा शेकडा ३० च्या सुमारास अधिक आढळला. त्याच मातांच्या निर्वेध गरोदरपणातून जन्मलेली भावंडे मात्र ठणठणीत होती. म्हणजे हा दोष आनुवंशिक नव्हे. तो त्या विशिष्ट नऊ महिन्यांचा होता. गर्भवतीचा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजण्याचा आग्रह आरोग्य कर्मचारी का धरतात, हे यावरून ध्यानात येईल.

मशेरी आणि १०५ ग्रॅम

आता ला पाझहून मुंबईत येऊ. कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगार कुटुंबांनी या उपनगरांत वस्ती करताना गावाकडील अनेक चालीरीती सोबत आणल्या. त्यांपैकी एक म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटून तिची पूड करावयाची आणि ती सकाळ-संध्याकाळ दातांना व हिरड्यांना लावावयाची. विडी ओढणारी स्त्री लोकांच्या नजरेत भरते; मशेरी लावणारी भरत नाही, कारण ते दात घासणे समजले जाते.

या सवयीचा गर्भावर काय परिणाम होतो, याचा जगात उल्लेखिला जाणारा अभ्यास मुंबईतच झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गर्भवतींची नोंद केली आणि त्यांच्या प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. शेकडा १७ स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरीत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भारपणाचा काळही सरासरी सुमारे सहा दिवसांनी कमी झाला. हा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काळात याच मालिकेतील अभ्यासांत असेही दिसून आले, की तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींत मृतजन्माचा धोका अधिक होता आणि रक्तक्षयाचे प्रमाणही अधिक होते.

मशेरीत धूर नाही, मग प्राणवायूशी तिचा संबंध काय? तंबाखूतील निकोटीन हिरड्यांवाटे थेट रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. वारेकडे जाणारा रक्तप्रवाह त्यामुळे मंदावतो. त्याशिवाय निकोटीन वार ओलांडून गर्भाच्या शरीरात शिरते. आधीच रक्त कमी, त्यातही त्याचा ओघ कमी, असा हा दुहेरी प्रकार आहे.

१०५ ग्रॅम ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. तीन किलोच्या बाळाला ही घट कदाचित जाणवणार नाही. अडीच किलोच्या सीमारेषेवरील बाळ मात्र तेवढ्यानेच अल्पवजनी ठरते. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी यातून एक साधी पण महत्त्वाची सूचना निघते. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देईल. तिला "मशेरी लावता का?" असेच विचारावयास हवे.

रक्तक्षयाचा हिशेब

उपनगरांतील गर्भाच्या प्राणवायूची सर्वांत मोठी गळती रक्तक्षयात होते, असे या लेखकाचे मत आहे. हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्यास ते सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू नेऊ शकते. ७ ग्रॅम असल्यास जेमतेम ९ मिलिलिटर. मातेचे हृदय अधिक वेगाने काम करून ही तूट काही अंशी भरून काढते. वारही वाढून मोठी होते. ऑक्सफर्ड येथील प्रसूतींच्या १९९१ मधील एका अभ्यासात रक्तक्षय असलेल्या मातांची वार बाळाच्या वजनाच्या मानाने मोठी असल्याचे दिसले होते. पण या भरपाईला मर्यादा आहेत.

गर्भवतीच्या रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय मानला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय होता. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, हे लक्षात घेता हा आकडा विचार करावयास लावणारा आहे. गोळ्या पोहोचत नाहीत, असे आता क्वचितच म्हणता येईल. त्या घरातील फडताळात पडून राहतात, हे खरे दुखणे आहे. गोळ्यांनी मळमळते, शौचास काळे होते, बाळ काळे निपजते, बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, अशा एक ना अनेक समजुती आहेत. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असून निरुपद्रवी आहेत, उरलेल्या दोन निव्वळ भ्रामक आहेत, असे स्पष्टपणे सांगितल्यास स्त्रियांचा विश्वास बसतो. सर्वच नाकारले तर बसत नाही. गोळी जेवणाबरोबरच्या चहासोबत घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. लिंबू किंवा आवळा ते वाढवितो. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक गोळी, असे हे प्रमाण आहे.

गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर कारण निराळे असू शकते. मुलुंड आणि घाटकोपर भागात कच्छी, लोहाणा आणि सिंधी समाजांची मोठी वस्ती आहे, आणि थॅलेसेमियाचा दोष वाहणाऱ्यांचे प्रमाण या समाजांत अधिक आढळते. हा दोष लोहाने बरा होत नाही. पतिपत्नी दोघांचीही रक्ततपासणी गरोदरपणाच्या आरंभीच व्हावयास हवी. आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा विचार करावा लागतो. पूर्णतः शाकाहारी आणि दूधदुभते अल्प असलेल्या घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव हेही एक कारण असते.

धुराचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. आरे वसाहतीतील आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाड्यांवर अद्याप लाकूडफाट्याच्या चुली पेटतात. जळणाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी हिमोग्लोबिनला चिकटतो आणि गर्भाच्या रक्तातून तो सावकाशच बाहेर पडतो. चूल बदलून गॅस दिल्याने बाळाचे वजन वाढते का, हे तपासण्यासाठी तमिळनाडूसह चार देशांत झालेल्या मोठ्या प्रयोगात लक्षणीय वाढ आढळली नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात गॅस मिळाला तेव्हा गरोदरपण सुरू होऊन दोन ते पाच महिने लोटले होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. पक्क्या इमारतींत राहणाऱ्यांनाही एका बाबतीत सावध करणे आवश्यक आहे. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावणे सर्वांनाच जिवावर बेतणारे आहे. गर्भवतीच्या बाबतीत ती शुद्धीवर राहूनही गर्भास इजा पोहोचू शकते.

गर्भधारणेपूर्वीचे नव्वद दिवस

वार गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच रुजते. पुष्कळ स्त्रिया नाव नोंदवितात तोवर हा काळ उलटून गेलेला असतो. या दृष्टीने वांद्रे येथील सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि अंधेरी येथील झोपडपट्ट्यांत २००६ पासून राबविलेला 'सरस' हा प्रकल्प उल्लेखनीय आहे. ज्यांना मूल हवे आहे अशा साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. एका गटाच्या पदार्थात पालेभाज्या, फळे आणि दूध होते. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषक भाज्या. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात निश्चित फरक आढळला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस पोषक पदार्थ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. आकडा लहान आहे, परंतु गोळी-आहाराची तयारी लग्नानंतर लगेच, किंबहुना किशोरवयातच सुरू व्हावी, या मताला त्याने बळ दिले. शाळांतून आठवड्याला दिली जाणारी निळी लोहगोळी ही त्याच तयारीचा भाग आहे. ती मुलींनी वर्गात, शिक्षिकेसमोर, डबा खाल्ल्यानंतर घेणे सर्वांत श्रेयस्कर.

माहेरची वाट आणि हातातील कार्ड

मुंबई उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायती नाहीत. तरीही पंचायत सदस्यांचा या विषयाशी निकटचा संबंध आहे, कारण घाटकोपरच्या चाळीतील सून पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात साताऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गातील माहेरी जाते. राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात झालेल्या तिच्या तपासण्या कागदावरच राहतात, आणि गावातील आरोग्यसेविकेला तिचे हिमोग्लोबिन मुळात किती होते, रक्तदाब केव्हा वाढला, याचा पत्ता नसतो. माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात सर्वांत वर ठेवून माहेरी नेणे आणि ग्राम आरोग्य व पोषण दिनाला ते दाखविणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. गावात नव्याने आलेल्या माहेरवाशिणीची माहिती आशा कार्यकर्तीला कळविणे हे पंचायत सदस्याला सहज जमण्यासारखे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सुरू आहे.

मुदतपूर्व कळा सुरू झाल्यास करावयाची एक गोष्ट फुप्फुसांच्या दृष्टीने मोलाची आहे. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स आणि डॉ. हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की अशा मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या मातेला डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची मुभा २०१४ पासून परिचारिकांनाही आहे. म्हणून अशा वेळी "अजून दिवस भरले नाहीत, वाट पाहू" असे म्हणत घरी थांबणे योग्य नव्हे. जवळचे आरोग्य केंद्र आधी गाठावे.

जन्मतः कमी वजनाचे बालक पुढे शाळेत येते तेव्हा शिक्षकांना त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. कवायतीत लवकर धाप लागणारा, पावसाळ्यात वारंवार खोकल्याने गैरहजर राहणारा विद्यार्थी आळशी ठरविला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा विद्यार्थ्याच्या पालकांना जुने कार्ड घेऊन बोलवावे, त्यावरील जन्मवजन पथकाच्या नोंदीत लिहून घ्यावे आणि त्याचा रक्तदाब मोजण्याची विनंती करावी.